वाघाची ओळख : पाऊलठशापासून पट्ट्यांपर्यंत
(मूल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :

चंद्रपूर–गडचिरोली मार्गावरील मूल हे तालुक्याचे गाव एका अंगाने ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला आणि दुसऱ्या अंगाने वैनगंगेच्या दिशेने पसरलेल्या भातशेतीला लागून आहे. २०१० मध्ये प्रकल्पाभोवती बफर क्षेत्र घोषित झाले, त्यात मूल या नावाचे स्वतंत्र वनपरिक्षेत्र आहे. सरपण, मोहफूल, तेंदूपत्ता यांसाठी जंगलात जाणारा माणूस आणि एका जंगलातून दुसऱ्या जंगलात निघालेला वाघ हे दोघेही येथे पुष्कळदा एकाच पायवाटेचा उपयोग करतात. शिवारात एखादा माणूस वाघाकडून मारला गेला की गावाचा पहिला प्रश्न असतो तो बंदोबस्ताचा. वनखात्यापुढे मात्र त्याआधी दुसरा प्रश्न उभा राहतो : हा वाघ कोणता?

हा प्रश्न केवळ प्रशासकीय नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या वाघाविषयी मुख्य वन्यजीव रक्षकाला लेखी व सकारण आदेश द्यावा लागतो. २००२ च्या सुधारणेने पकडण्याचे, बेशुद्ध करण्याचे वा अन्यत्र हलविण्याचे मार्ग शक्य नसल्याची खात्री पटल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देण्यास प्रतिबंध केला. आदेश विशिष्ट प्राण्याविषयी असतो, सरसकट वाघांविषयी नसतो. ओळख चुकली तर एक निरपराध प्राणी पिंजऱ्यात जातो, आणि ज्याच्यापासून धोका आहे तो शिवारातच राहतो. या ओळखीची साधने गेल्या शंभर वर्षांत कशी बदलली आणि त्या बदलामागे आकृती व दृष्टिस्थान यांच्या संबंधाचा कोणता प्रश्न होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिकारीच्या काळातील ओळख :

मध्य प्रांतातील शिकारी वाङ्मयात वाघाच्या मापाविषयी एक जुना वाद आढळतो. मारलेल्या वाघाची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंगाच्या वळणांवरून फीत फिरवून घ्यावी, की नाकाशी व शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून त्यांच्यामधील सरळ अंतर मोजावे? पहिल्या रीतीने वाघ काही इंचांनी मोठा भरतो, म्हणून हौशी शिकाऱ्यांना ती प्रिय होती. ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ (१९२३) या ग्रंथाचे कर्ते डनबार ब्रँडर यांनी आपली मापे खुंट्यांमधील दिली आहेत. वाद वरवर बढाईचा वाटतो. पण गोलाकार वस्तूचे सपाट माप कसे घ्यावे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न पुढे पट्ट्यांच्या अभ्यासात वेगळ्या रूपाने परत आला.

जिवंत वाघाची ओळख त्या काळी पाऊलखुणांवरूनच होत असे. गावातील वाटाड्या आणि शिकारी दोघेही पंजाचा आकार, बोटांची ठेवण, एखाद्या पायाचे लंगडणे यांवरून वाघ ओळखत. नरभक्षक म्हणून मारलेला वाघ खरोखर तोच होता काय, याचा पुरावा बहुधा नंतर मिळे. माणसे मरणे थांबले की तोच होता, न थांबले की दुसरा. म्हणजे ओळखीचा निर्णय एक तर वाघाच्या मृत्यूनंतर लागे, नाहीतर आणखी एका माणसाच्या मृत्यूनंतर.

काचेवरचा ठसा :

पाऊलखुणेला पद्धतीचे रूप दिले ते ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी. १९६६ च्या सुमारास त्यांनी विकसित केलेली पद्धत १९७२ च्या पहिल्या अखिल भारतीय वाघगणनेचा आधार ठरली. त्या गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले. पुढे १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्रातील मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांत होता. ताडोबा १९५५ मध्येच, म्हणजे हा भाग मध्य प्रदेश राज्यात असतानाच, राष्ट्रीय उद्यान झाले होते. अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झाले, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्पाचे रूप १९९० च्या दशकात आले. त्यामुळे या परिसरातील वनरक्षकांच्या किमान एका पिढीने वाघ ओळखण्याचे शिक्षण घेतले ते काच आणि प्लास्टर ऑफ पॅरिस हातात घेऊनच.

पद्धत साधी होती. वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा स्पष्ट ठसा शोधायचा, त्यावर पायांवर टेकलेली काच ठेवायची, काचेवर लेखणीने बोटांची व गादीची सीमारेषा उतरवून घ्यायची आणि काचेवरून ती कागदावर घ्यायची. ठशाला स्पर्श करतील अशा चार रेषांची चौकट काढली की तिच्या लांबी-रुंदीवरून नर वा मादी ठरे. चौकट चौरसाच्या जवळची असेल तर नर, लांबट असेल तर मादी. प्रत्येक नियतक्षेत्रातून आलेले कागद एकत्र करून, सारखे दिसणारे ठसे एका वाघाचे मानून गाळणी केली जाई. ठसे नीट उमटावेत म्हणून वाटेवर बारीक मातीचे पट्टेही तयार केले जात.

या पद्धतीला तिच्या काळातील मान द्यावयास हवा. तिला वीज लागत नसे, परदेशी यंत्र लागत नसे, आणि तिच्यामुळे सामान्य वनरक्षक रोज पायी जंगलात फिरत असे. नंतरच्या टीकेत हा भाग फारसा आला नाही.

तरीही काचेवरील रेखाटनात एक भूमितीय अडचण होती. काच आणि जमीन यांत थोडे अंतर असते. समजा, ते तीन सेंटिमीटर आहे आणि रेखाटणाऱ्याचा डोळा काचेपासून पन्नास सेंटिमीटर उंचीवर आहे. डोळा स्थिर असेल तर काचेवरील आकृती मूळ ठशाहून सर्व बाजूंनी सारखीच, सुमारे सहा टक्क्यांनी लहान येईल, परंतु तिचा घाट बिघडणार नाही. मात्र एक कड काढताना माणूस दहा सेंटिमीटर बाजूला झुकला, तर ती कड काचेवर साडेपाच मिलिमीटरांहून अधिक सरकते. बारा-तेरा सेंटिमीटरांच्या ठशात एवढा फरक चौरसाचा लांबट आणि लांबटाचा चौरस करण्यास पुरेसा आहे. म्हणूनच एक डोळा मिटून, सरळ वरून, डोके न हलवता पाहण्याला या कामात महत्त्व होते. आकृती टिकावी म्हणून पाहणाऱ्याला एका जागी बांधून ठेवणे, असे या शिस्तीचे स्वरूप होते.

येथे बोटांच्या ठशांशी तुलना उद्बोधक ठरेल. बंगालमध्ये विल्यम हर्शेल यांनी १८५८ मध्ये करारपत्रावर हाताचा ठसा घेतला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग स्थापन झाला. अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणात मोलाचे काम केले. बोट कागदावर दाबले जाते, त्यामुळे पाहणाऱ्याच्या जागेचा प्रश्नच उरत नाही. शिवाय कागद सर्वत्र सारखा असतो. वाघाचा पंजाही जमिनीवर दाबला जातो, पण ती जमीन सारखी नसते. मूलच्या आसपास उन्हाळ्यात गाडीवाटेच्या फुफाट्यावर उमटलेला ठसा आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतल्या चिखलात उमटलेला ठसा हे एकाच वाघाचे असूनही मापाने भिन्न असतात. चालीचा वेग, चढ-उतार, ठशाला झालेले तास यांचीही त्यात भर पडते. डोळा कितीही स्थिर ठेवला तरी खुद्द आकृतीच प्रत्येक वेळी नवी असे.

उल्हास कारंत यांनी १९८७ मध्ये आणि त्यानंतर या पद्धतीवर सविस्तर आक्षेप घेतले. बंदिवासातील मोजक्या वाघांचे ठसे जाणकारांसमोर ठेवले असता त्यांना त्यांत प्रत्यक्षाहून अधिक वाघ दिसले, हा त्यांच्या प्रतिपादनातील सर्वांत बोचरा भाग होता. महाराष्ट्रातूनही या प्रश्नाकडे संख्याशास्त्राच्या अंगाने पाहिले गेले. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील अनिल गोरे, शरयू परांजपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाघगणनेतील परिमाणीकरणाविषयीचा निबंध १९९३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. नजरेच्या अंदाजाऐवजी मापांवर विसंबावे, अशी या विचाराची दिशा होती. पुढे भारतीय वन्यजीव संस्थेतील संदीप शर्मा, यादवेंद्रदेव झाला आणि महाराष्ट्र केडरचे वनाधिकारी विश्वास सावरकर यांनी ठशांची अनेक मापे घेऊन त्यांवरून नर-मादी (२००३) व स्वतंत्र वाघ (२००५) ओळखण्याच्या सांख्यिकी रीती मांडल्या. ठशाची पद्धत आंधळी नव्हती, तिला सुधारण्याचे गंभीर प्रयत्न झाले, हे यावरून स्पष्ट होते. परंतु त्याच २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात, कागदोपत्री वाघ असताना, एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील व्याघ्र कृतिदलाचा अहवाल त्या वर्षी आला आणि देशव्यापी गणनेचा पाया म्हणून ठशाचे स्थान संपले.

समतल आकृतीचे गणित :

छायाचित्रात वस्तूचा आकार पाहणाऱ्याच्या जागेनुसार बदलतो, ही गोष्ट चित्रकारांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. गोल ताटली तिरकस पाहिली की लंबगोल दिसते, चौरस फरशी पुढे रुंद व मागे अरुंद दिसते. सतराव्या शतकात देसार्ग आणि एकोणिसाव्या शतकात पोन्सले या फ्रेंच गणितज्ञांनी ज्या प्रक्षेपीय भूमितीचा विकास केला, तिचा प्रश्न असा होता की, दृष्टिस्थान बदलल्यावर लांबी, कोन, समांतरता हे सारे बदलत असताना न बदलणारे असे काय उरते? सरळ रेषा सरळच राहते. एका रेषेवरील चार बिंदूंमधील अंतरांची गुणोत्तरे बदलतात, परंतु त्या गुणोत्तरांचे गुणोत्तर कायम राहते.

समतल आकृतीच्या बाबतीत याचा फार उपयोगी परिणाम निघतो. सपाट वस्तूची दोन ठिकाणांहून घेतलेली दोन छायाचित्रे ठरावीक नियमाने एकमेकांशी बांधलेली असतात, आणि कोणतेही तीन एका रेषेत नसतील असे चार बिंदू दोन्ही चित्रांत जुळले की तो नियम पूर्णपणे निश्चित होतो. मग एका चित्रातील सबंध आकृती दुसऱ्या चित्राच्या दृष्टिस्थानावर आणून ताडता येते. काचेवर ठसा काढणाऱ्या वनरक्षकाने डोके न हलवण्याची जी काळजी घ्यायची, ती या गणिताने अनावश्यक ठरवली. ठशाशेजारी ज्ञात मापांची चौकट ठेवून तिरकस छायाचित्र घेतले तरी ते नंतर सरळ करता येते. खोल रुतलेला ठसा मात्र समतल राहत नाही, तेथे हा नियम तंतोतंत लागू पडत नाही.

संगणकीय दृष्टी या शाखेत विसाव्या शतकाच्या अखेरीस हा विषय बराच अभ्यासला गेला. भारतात हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील सुजित कुथिरुमल, सी. व्ही. जवाहर व पी. जे. नारायणन यांनी अनेक दृश्यांतून समतल आकृती ओळखण्याविषयीचा निबंध २००२ मध्ये सादर केला. त्यापूर्वी १९९९ मध्ये डेव्हिड लो यांनी चित्रातील लहान लहान वैशिष्ट्यपूर्ण जागा टिपून, आकार व दिशा बदलली तरी त्या जुळवण्याची रीत मांडली होती. वक्र पृष्ठाचा पुरेसा लहान तुकडा जवळजवळ सपाटच असतो, त्यामुळे या रीतीचा लाभ प्राण्यांच्या अंगावरील खुणा ओळखणाऱ्या पुढील प्रणालींना मिळाला.

पट्ट्यांकडे :

वाघाचे पट्टे जन्मभर बदलत नाहीत आणि दोन वाघांचे सारखे नसतात. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर तार लावून, वाघाचा पाय लागताच प्रकाशझोतासह छायाचित्र निघेल अशी योजना केली होती. त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्ट्यांवरून वाघ वेगळे ओळखता येतात हे त्यांनी दाखवले. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे चेहऱ्यावरील खुणांवरून वाघ ओळखले, तर नेपाळमधील चितवन येथे चार्ल्स मॅकडूगल यांनी १९७० च्या दशकात स्वयंचलित कॅमेऱ्याचा उपयोग केला. या तिघांच्या कामात वाघ थोडे होते आणि ओळखणारी नजर एकाच माणसाची होती. कारंत यांनी १९९५ मध्ये नागरहोळेतील अभ्यासातून कॅमेऱ्यात पुनःपुन्हा येणाऱ्या वाघांच्या प्रमाणावरून एकूण संख्या काढण्याची रीत मांडली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरातील तुलनात्मक अभ्यासात मेळघाट व ताडोबा ही महाराष्ट्रातील क्षेत्रेही होती.

ठशाच्या तुलनेत येथे परिस्थिती नेमकी उलटी झाली. खूण स्थिर झाली, पण पाहण्याचा कोन सुटला. कॅमेरा झाडाला गुडघाभर उंचीवर बांधलेला असतो. वाघ मात्र सरळ येईल, वळेल, थांबेल, वास घेण्यासाठी मान खाली घालेल. वाघाची कूस पिंपासारखी गोल आहे. तिरकस कोनातून पाठीजवळचे व पोटाजवळचे पट्टे आखडलेले दिसतात आणि खांद्यावरचे पट्टे पाय पुढे पडताच सरकतात. चार बिंदूंचा समतल नियम येथे अपुरा पडतो. शिवाय डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे परस्परांची प्रतिबिंबे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेऱ्यांची जोडी लावण्याची पद्धत रूढ झाली.

लेक्स हिबी, फिल लव्हेल आणि कारंत यांच्यासह त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. हिबी व लव्हेल यांनी त्यापूर्वी सीलच्या अंगावरील ठिपक्यांवर काम केले होते. त्यांच्या आज्ञावलीत वाघाच्या शरीराचे त्रिमितीय प्रतिरूप असते. छायाचित्रातील शरीराचे काही ठळक बिंदू माणसाने दाखवले की ते प्रतिरूप चित्रातील वाघावर बसवले जाते, आणि पट्ट्यांची नक्षी त्या पृष्ठावरून जणू सोलून सपाट पसरली जाते. अशा सपाट नक्षींची मग परस्परांशी तुलना होते. गोल वस्तूला आधी समतल केले की समतल आकृतीची साधने पुन्हा हाती येतात. आज्ञावली संभाव्य साम्याच्या क्रमाने चित्रे पुढे ठेवते, अखेरचा निर्णय माणूस करतो.

याच निबंधात एक सूचना होती, जिचे महत्त्व विदर्भाला अधिक आहे. जप्त केलेल्या कातड्याचे छायाचित्र जिवंत वाघांच्या संग्रहाशी ताडून तो वाघ कोणत्या जंगलातला होता, हे शोधता येईल, असे लेखकांनी सुचवले. कातडे म्हणजे खरोखरच सपाट झालेला वाघ. प्रतिरूपाने जे गणितात करावे लागते, ते शिकाऱ्याच्या सुरीने प्रत्यक्षात केलेले असते.

देशव्यापी गणनेची नवी पद्धत २००६ पासून लागू झाली आणि २००८ मध्ये १,४११ हा अंदाज जाहीर झाला. २००१–०२ च्या ठशांवर आधारित गणनेचा आकडा ३,६४२ होता. या दोन आकड्यांची वजाबाकी करून तेवढे वाघ सहा वर्षांत मेले, असे म्हणणे मात्र सयुक्तिक नाही. मोजण्याची वस्तूच बदलली होती. २०१८ च्या फेरीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. सुमारे ३ कोटी ४९ लक्ष छायाचित्रांतून वाघांची ७६,६५१ छायाचित्रे निघाली आणि त्यांतून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखले गेले. एवढ्या चित्रांची केवळ नजरेने जुळवणी करणे कोणत्याही कार्यालयाला शक्य नव्हते.

आदेशातील वाघ :

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१३ मध्ये वस्तीकडे आलेल्या वाघाविषयी जी कार्यपद्धती घालून दिली, तिच्यात घटनास्थळी कॅमेरे लावून मिळालेले चित्र राष्ट्रीय संग्रहातील चित्रांशी ताडून वाघाची ओळख पटवणे अपेक्षित आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा परिसरात आरटी-१ या वाघाचा शोध कॅमेऱ्यांच्या साहाय्याने दीर्घकाळ चालला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तो पकडला गेला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. नावाऐवजी अक्षर-अंकांचे हे संकेत लोकांना कोरडे वाटतात. परंतु त्या प्रत्येक संकेतामागे कुशीच्या पट्ट्यांचे एक चित्र असते आणि आदेश त्या चित्रापुरताच असतो.

मूलसारख्या परिसरात ही साखळी कुठे कुठे कमकुवत आहे, हेही पाहावयास हवे. संरक्षित क्षेत्रात कॅमेऱ्यांचे जाळे दाट असते. प्रादेशिक वनविभाग, वनविकास महामंडळाची लागवड आणि खाजगी शेतीचे तुकडे यांतून फिरणाऱ्या तरुण वाघाचे आधीचे चित्र संग्रहात असेलच असे नाही, आणि जुळवायला दुसरे चित्रच नसेल तेथे उत्तम आज्ञावलीचाही उपयोग नाही. रात्री एकाच कॅमेऱ्यासमोरून गेलेल्या वाघाची एकच कूस मिळते. एका ठिकाणी केवळ डावी व दुसऱ्या ठिकाणी केवळ उजवी कूस टिपली गेली, तर दोन्ही चित्रे एकाच वाघाची आहेत की दोन वाघांची, हे कोणत्याही गणिताने ठरत नाही. समोरून चालत येणाऱ्या वाघाची तर कूस दिसतच नाही. अशा वेळी वनरक्षक आजही धुळीतला ठसा पाहतो. नर की मादी, सोबत पिल्ले आहेत काय, वाघ कोणत्या दिशेने गेला, यांची उत्तरे तो ठसा कॅमेऱ्याआधी देतो. राष्ट्रीय गणनेच्या क्षेत्रकामातही पाऊलखुणा वाघाच्या वावराची खूण म्हणून नोंदल्या जातात, फक्त त्यांवरून वाघ मोजले जात नाहीत.

मृतदेहाजवळ लावलेल्या कॅमेऱ्यात आलेला वाघ आणि माणसाला मारणारा वाघ एकच असतात काय, हा प्रश्न पट्ट्यांच्या कक्षेबाहेरचा आहे. एकाच शिवारातून दोन-तीन वाघांची ये-जा असलेल्या मूल, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात तो वारंवार उद्भवतो. त्यासाठी जखमेवरील लाळ आणि घटनास्थळी सापडलेले केस यांची जनुकीय तपासणी केली जाते. तिचा अहवाल प्रयोगशाळेतून येईपर्यंत गावाला थांबणे कठीण असते, आणि धान कापणीचे दिवस असतील तर शेतकऱ्याला बांधीत जावेच लागते.